काळा पडदा आणि विझणारा मॉनिटर

शाळेतील साधन वापरात असते तोवरच ते साधन असते. एकदा ते कपाटात गेले, की जडवस्तुसंग्रह नोंदवहीतील एक ओळ एवढेच त्याचे अस्तित्व उरते. आपल्या प्राथमिक शाळांतून आज संगणक आहेत. काही शासकीय योजनांतून मिळाले, काही गावकऱ्यांनी लोकवर्गणी करून आणून दिले. परंतु शाळाभेटीच्या वेळी एखाद्या संगणकावर धूळ दिसली आणि कारण विचारले, तर 'मॉनिटर बंद पडतो' एवढेच त्रोटक उत्तर पुष्कळदा मिळते. तो केव्हा बंद पडतो, किती वेळाने पडतो, बंद पडताना त्याच्या कडेचा लहान दिवा कोणत्या रंगाचा असतो, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. वास्तविक या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच बिघाडाचे, किंवा बिघाड नसल्याचे, निदान बहुतेक वेळा दडलेले असते.

प्रस्तुत लेखात एका विशिष्ट तक्रारीचाच विचार करावयाचा आहे. ती अशी : मॉनिटर एरवी उत्तम चालतो, परंतु पडद्यावर संपूर्ण काळे चित्र आले, की थोड्या वेळात तो अवचित बंद होतो. (येथे मॉनिटर म्हणजे वर्गनायक नव्हे, हे सांगावयास नकोच. वर्गनायक अचानक गप्प का झाला, याची कारणमीमांसा शिक्षकांस माझ्याहून अधिक अवगत आहे.) ही तक्रार दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि तिच्यामुळे चांगल्या स्थितीतील मॉनिटर निकामी ठरविला जातो, त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो, आणि ज्या शाळेत तो एकुलता एक आहे तेथील मुलांचे शिक्षण त्या प्रमाणात उणे होते. म्हणून ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१. तक्रार कोठे उद्भवते

पाठ शिकविताना पडदा मुद्दाम काळा करण्याची एक चांगली पद्धत पुष्कळ शिक्षकांनी अंगीकारली आहे. पॉवरपॉइंटमध्ये किंवा लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये चित्रमालिका चालू असताना कळफलकावरील 'बी' ही कळ दाबली, की पडदा संपूर्ण काळा होतो. 'डब्ल्यू' दाबली, की संपूर्ण पांढरा होतो. चित्र दाखवून झाले, की पडदा काळा करावा आणि 'आता सांगा, विहिरीपाशी किती माणसे होती?' असे विचारावे. मुलांचे लक्ष चित्राकडून शिक्षकाकडे वळते व निरीक्षणाची कसोटी लागते. ही पद्धत सर्वथा योग्य आहे. परंतु नेमक्या याच वेळी काही मॉनिटर विझतात आणि मुले एका सुरात ओरडतात, 'गुरुजी, लाइट गेली!'

याखेरीज चित्रपटाच्या आरंभी व शेवटी येणारे काळे दृश्य, संगणक सुरू होतानाचा काळा पडदा, आणि काळ्या रंगाचा स्क्रीनसेव्हर या प्रसंगीही हाच अनुभव येतो. प्रत्येक वेळी काळे चित्र अगोदर येते व मॉनिटर मागाहून विझतो. साहजिकच 'काळ्या चित्रामुळे मॉनिटर बंद पडला' असा निष्कर्ष निघतो. तो खरा असेलही, नसेलही. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानेच तोडली असे ठरत नाही. आपल्या शास्त्रकारांनी यास काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. यंत्राच्या बाबतीत हा सावधपणा विशेष उपयोगी पडतो.

२. केबलमधून काय येते

संगणकाकडून मॉनिटरकडे जाणाऱ्या केबलमधून दोन प्रकारचे संदेश जातात. पहिला प्रकार चित्राचा : पडद्यावरील प्रत्येक बिंदूत तांबडा, हिरवा व निळा हे रंग किती असावेत याचा. दुसरा प्रकार तालाचा : नवी ओळ केव्हा सुरू करावयाची आणि नवे चित्र केव्हा सुरू करावयाचे याचा. या तालसंदेशास 'सिंक' असे म्हणतात. सर्वसाधारण मॉनिटरवर चित्र सेकंदास सुमारे ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. म्हणजे नव्या चित्राचा इशाराही सेकंदास ६० वेळा यावा लागतो.

कवायतीचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट चटकन ध्यानी येईल. मुले हातपाय हालवीत आहेत आणि शिक्षक 'एक, दोन, तीन, चार' असा ताल देत आहेत. एखाद्या आकड्याला हालचाल करावयाची नसली, तरी ताल चालूच असतो. त्यावरून कवायत संपलेली नाही हे मुलांस समजते. ताल थांबला, की मात्र मुले विश्रामाच्या स्थितीत येतात. मॉनिटरचेही तसेच आहे. काळ्या चित्रात तिन्ही रंगांचे प्रमाण शून्य असते. पण ताल अखंड चालू असतो. तेव्हा केवळ चित्र काळे झाले म्हणून 'संगणक बंद झाला' अशी मॉनिटरची समजूत व्हावयास नको.

व्हीजीए या जुन्या निळ्या टोकाच्या केबलीत ही विभागणी प्रत्यक्ष पाहता येते. ही जोडणी आयबीएम कंपनीने १९८७ साली प्रचारात आणली, आणि शाळांतील जुन्या संगणकांवर ती अजूनही दिसते. तिच्यात १५ पिनांची जागा आहे. पहिल्या तीन पिना तीन रंगांच्या आहेत. तेराव्या व चौदाव्या पिनांतून ताल जातो. पहिली पिन वाकली, तर तांबडा रंग नाहीसा होऊन चित्र निळसर हिरवे दिसेल, पण मॉनिटर विझणार नाही. तेरावी किंवा चौदावी पिन वाकली, तर रंग बिनचूक येत असूनही मॉनिटर झोपी जाईल. येथे एक सूचना करून ठेवतो. कित्येक चांगल्या व्हीजीए केबलींत नववी पिन मुळातच बसविलेली नसते. ती जागा रिकामी दिसली, तर पिन तुटली असे समजून केबल टाकून देऊ नये.

३. पडदा उजळतो कसा

आजचे बहुतेक मॉनिटर एलसीडी प्रकारचे आहेत. त्यांचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. पडद्याच्या पाठीमागे किंवा कडेला दिवे असतात. त्यांस बॅकलाइट म्हणतात. पडदा म्हणजे त्या प्रकाशापुढे लावलेल्या असंख्य सूक्ष्म झडपा होत. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूस तीन रंगांच्या तीन झडपा असतात. झडप उघडली की रंग दिसतो, मिटली की काळे दिसते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, अशा मॉनिटरवर काळे चित्र असतानाही मागचे दिवे जळतच असतात. म्हणून नुसता काळा स्क्रीनसेव्हर लावून वीज वाचत नाही. दुसरी अशी की, मिटलेल्या झडपांतूनही किंचित प्रकाश पाझरतो. सामान्य मॉनिटरवर पांढऱ्या रंगाची उजळता काळ्या रंगाच्या सुमारे १००० पट असते, अनंतपट नसते. म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा पडदा करडा दिसतो.

हे करडेपण घालविण्यासाठी उत्पादकांनी एक युक्ती योजिली. चित्र काळोखे असेल तेव्हा मॉनिटरने ते आपण होऊन ओळखावे आणि मागचे दिवे मंद करावेत. चित्र संपूर्ण काळे असेल, तर काही मॉनिटर दिवे पूर्णपणे विझवितात. या सोयीस 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' म्हणतात. तिच्यामुळे काळा रंग गडद दिसतो, थोडी वीज वाचते, आणि जाहिरातीत फार मोठे आकडे छापता येतात. वर्गात मात्र तिचा परिणाम असा होतो, की 'बी' दाबताच मॉनिटर मेल्यासारखा दिसतो.

४. विझण्याचे तीन मार्ग

वरील विवेचनावरून मॉनिटर तीन वेगवेगळ्या मार्गांनी काळवंडू शकतो हे स्पष्ट होईल.

पहिला मार्ग : ताल थांबणे. संगणकास काही वेळ कोणी हात लावला नाही, तर तो वीजबचतीसाठी संदेश पाठविणे बंद करतो व मॉनिटर झोपी जातो. ही व्यवस्था हेतुपुरस्सर केलेली आहे. अमेरिकेत १९९२ साली 'एनर्जी स्टार' हा वीजबचतीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याचे चिन्ह सर्वप्रथम संगणक व मॉनिटर यांस देण्यात आले. पुढे १९९३ साली 'व्हेसा' या मानके ठरविणाऱ्या संस्थेने, कोणता ताल थांबला म्हणजे मॉनिटरने कोणत्या पायरीची विश्रांती घ्यावी, हे निश्चित केले. केबल सैल झाली तरी ताल तुटतो, आणि परिणाम तोच होतो.

दुसरा मार्ग : मागचे दिवे विझणे. ताल चालू आहे, चित्रही येत आहे. पण डायनॅमिक कॉन्ट्रास्टने दिवे मालविले आहेत, किंवा दिव्यांच्या यंत्रणेतच खरा बिघाड आहे.

तिसरा मार्ग : वीजपुरवठा तुटणे. पिन सैल असेल, अडॅप्टर दुबळा झाला असेल, किंवा आतील विद्युत्‌भाग झिजले असतील. येथे ध्यानी घ्यावे, की वीजपुरवठ्यास चित्राचा रंग कळत नाही. वीज तुटावयाची असेल तर ती पांढऱ्या चित्रावरही तुटेल. यास्तव केवळ काळ्याच चित्रावर नेमाने विझणाऱ्या आणि पांढऱ्यावर तासन्‌तास चालणाऱ्या मॉनिटरच्या बाबतीत वीजपुरवठ्यावर संशय घेण्याचे कारण बहुधा नसते.

५. पाच परीक्षा

पुढील परीक्षांस कोणतेही हत्यार लागत नाही. एक घड्याळ, एक विजेरी आणि कागद-पेन्सिल एवढे साहित्य पुरे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व जे दिसेल ते लिहून ठेवावे.

पहिली परीक्षा : दिव्याची साक्ष. मॉनिटरच्या कडेचा लहान दिवा पाहावा. पडदा काळवंडूनही तो पूर्वीच्याच रंगात स्थिर तेवत असेल, तर मॉनिटर जागा आहे; केवळ मागचा प्रकाश गेला आहे. दिव्याचा रंग बदलून नारिंगी झाला किंवा तो लुकलुकू लागला, तर ताल थांबून मॉनिटर झोपला आहे. दिवा अजिबात विझला, तर वीजपुरवठा पाहावा. किंवा मॉनिटरने ठरलेल्या वेळेनंतर स्वतःस बंद केले असेल. काही मॉनिटरांत हा दिवा मुळातच बंद ठेवण्याची सोय असते. तेवढी खात्री आधी करून घ्यावी.

दुसरी परीक्षा : काळे आणि पांढरे. चित्रमालिका चालू करून 'बी' दाबावी व पंधरा मिनिटे कशासही हात न लावता थांबावे. मॉनिटर विझल्यास किती वेळाने विझला ते लिहावे. नंतर तेच 'डब्ल्यू' दाबून करावे. काळ्यावर काही सेकंदांत विझतो आणि पांढऱ्यावर विझत नाही, तर कारण चित्राचा काळेपणा, म्हणजे डायनॅमिक कॉन्ट्रास्ट होय. दोहोंवर एकाच ठराविक मिनिटाला विझतो, तर कारण वीजबचतीची वेळ होय. काळ्या रंगाचा तेथे काही संबंध नाही. केव्हाही, कसाही विझतो, तर केबल किंवा वीजपुरवठा पाहावा. चित्रमालिका चालू असताना पडदा न झोपविण्याची काळजी असे कार्यक्रम बहुधा घेतात. म्हणून हीच परीक्षा चित्रमालिका बंद करून, एकदा नुसते काळे व एकदा नुसते पांढरे चित्र उघडूनही करून पाहावी.

तिसरी परीक्षा : अंधाराची. वर्गाची दारे-खिडक्या लावून काळ्या पडद्याकडे पाहावे. पडदा किंचित करडा दिसत असेल, तर मागचे दिवे जळत आहेत आणि मॉनिटर बंद पडलेलाच नाही. तो फळ्यासारखा पूर्ण काळा दिसत असेल, तरच दिवे विझले असे म्हणता येईल.

चौथी परीक्षा : जाग येण्याची रीत. माउस हालवावा. पडदा तत्क्षणी उजळला, तर दिवेच मंद झाले होते. उजळण्यास दोन-तीन सेकंद लागले, किंवा मध्ये उत्पादकाचे चिन्ह उमटले, तर मॉनिटर झोपेतून उठला असे समजावे. माउस हालवूनही काही दिसत नसेल, तर पांढऱ्या अक्षरांचे एखादे पान उघडलेले असताना विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. त्या प्रकाशात अक्षरे पुसट दिसली, तर चित्र येत आहे पण दिवे जळत नाहीत असे सिद्ध होते. सुरू होताच एक-दोन सेकंद चित्र दाखवून काळवंडणारे जुने मॉनिटर पुष्कळदा याच जातीचे असतात. त्यांस कारागिराकडेच न्यावे लागते.

पाचवी परीक्षा : अदलाबदल. दुसरी केबल लावून पाहावी. जवळच्या शाळेतील मॉनिटर या संगणकास व हा मॉनिटर त्या संगणकास जोडून पाहावा. दोष ज्याच्याबरोबर जाईल, त्याचा तो दोष.

एका द्विशिक्षकी शाळेत या परीक्षांचा उपयोग कसा झाला, ते सांगण्यासारखे आहे. तेथील मॉनिटर 'बी' दाबताच विझे. तो निकामी ठरवून निर्लेखनाचा कागदही तयार झाला होता. वर्गासमोर पुन्हा पडदा काळा केला, तेव्हा पुढच्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, 'पण खालचा निळा दिवा तर चालू आहे.' तिच्या त्या एका वाक्याने तिसरा मार्ग जवळजवळ बाद झाला. पहिलाही झाला, कारण झोपलेल्या मॉनिटरचा दिवा नारिंगी होत असे, हे मुलांनीच सांगितले. 'डब्ल्यू' दाबून पंधरा मिनिटे थांबलो. पडदा लख्ख राहिला. मॉनिटरच्या यादीत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू आढळला. तो बंद केला आणि 'बी' दाबूनही दिवे तसेच राहिले. खर्च काही आला नाही. वेळ मात्र एका तासिकेएवढा लागला, आणि तो मुलांच्या शिकण्यातच गेला.

६. उपाय

कारण वीजबचतीची वेळ असल्यास : विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'सिस्टिम', त्यात 'पॉवर' या विभागात पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा हे ठरविता येते. उबंटूसारख्या लिनक्स प्रणालीत 'पॉवर' विभागात 'स्क्रीन ब्लँक' या नावाने हीच सोय आढळते. ही वेळ एका तासिकेस पुरेल इतकी, म्हणजे तीस-चाळीस मिनिटे ठेवावी. 'कधीही नाही' असे ठेवू नये. शाळा सुटल्यावर चालू राहिलेला मॉनिटर रात्रभर वीज खातो. स्क्रीनसेव्हरची वेळ वेगळ्या ठिकाणी ठरविली जाते, तीही पाहावी. पूर्वीच्या काचनळीच्या मॉनिटरवर एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास त्याची खूण कायमची उमटत असे, म्हणून स्क्रीनसेव्हर आवश्यक होता. एलसीडी मॉनिटरवर तो बंद ठेवण्यास हरकत नाही.

कारण डायनॅमिक कॉन्ट्रास्ट असल्यास : मॉनिटरच्या कडेची किंवा खालची बटणे दाबून पडद्यावर त्याची यादी आणावी. तीत ही सोय निरनिराळ्या नावांनी असते : 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'डीसीआर', 'एसीएम', 'एएससीआर', 'डीएफसी', 'स्मार्ट कॉन्ट्रास्ट' इत्यादी. ती 'ऑफ' करावी. नाव सापडले नाही, तर चित्राचा प्रकार 'मूव्ही' किंवा 'डायनॅमिक' असल्यास तो बदलून 'स्टँडर्ड' करावा. कित्येक मॉनिटरांत एवढ्याने काम होते. वर्गात मॉनिटरऐवजी दूरदर्शन संच वापरीत असल्यास त्याच्या यादीतील वीजबचतीची सोय, 'स्लीप टायमर' व 'ऑटो ऑफ' हेही पाहून घ्यावे.

यादीत काहीच सापडले नाही, तरी निराश होण्याचे कारण नाही. चित्रमालिकेत एक काळे पान तयार करून त्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत पाठाचे नाव लिहावे व 'बी' दाबण्याऐवजी ते पान दाखवावे. चित्र संपूर्ण काळे नसल्यामुळे बहुतेक मॉनिटर दिवे पूर्ण विझवीत नाहीत. किंवा 'डब्ल्यू' दाबून पडदा पांढरा करावा. मुलांचे लक्ष वळविण्याचा हेतू तेवढ्यानेही साधतो.

कारण केबल असल्यास : संगणक व मॉनिटर दोन्ही बंद करून केबल काढावी, पिना सरळ आहेत हे पाहावे, आणि ती पुन्हा पक्की बसवावी. व्हीजीए केबलीच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळावेत. एचडीएमआय केबलीस बहुधा स्क्रू नसतात. लोंबत्या केबलीच्या वजनाने ती हळूहळू बाहेर सरकते. तिला टेबलाच्या पायाशी सुतळीने आधार द्यावा. तिच्या १९ जोडण्यांपैकी शेवटची जोडणी 'मॉनिटर लावलेला आहे' ही वर्दी संगणकास देते. तिचा स्पर्श तुटला, की मॉनिटर काढून नेला असे संगणक समजतो.

कारण वीजपुरवठा असल्यास : भिंतीवरील सॉकेट बदलून पाहावे, मॉनिटरच्या पाठीमागील पिन घट्ट बसवावी. मॉनिटरचा अडॅप्टर वेगळा असेल व तो बदलावयाचा असेल, तर नव्या अडॅप्टरचे व्होल्ट जुन्याइतकेच असावेत, अँपिअर जुन्याइतके किंवा अधिक असावेत, आणि टोकाची धन-ऋण मांडणी तीच असावी. व्होल्टांत फरक असलेला अडॅप्टर केवळ टोक बसते म्हणून लावू नये.

७. काय करू नये

मॉनिटरचे पाठीमागचे आवरण शिक्षकांनी उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरांत विद्युत्‌भार काही काळ साठून राहतो. जुन्या एलसीडी मॉनिटरांतील नळीच्या दिव्यांस शेकडो व्होल्टांचा दाब लागतो. काचनळीच्या मॉनिटरांत तो हजारो व्होल्टांचा असतो. हा धोका जीवावरचा आहे. मॉनिटर थापटून किंवा हालवून चालू करण्याची सवयही टाकून द्यावी. सैल जोडणी त्याने क्षणभर जुळते, पण पुढे पूर्ण तुटते.

तसेच परीक्षा केल्याविना नवा मॉनिटर खरेदी करू नये. शाळेचे अनुदान तुटपुंजे असते. त्यातून खडू, नकाशे, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था अशा किती तरी गरजा भागवावयाच्या असतात. कारागिरास बोलवावयाचे झाल्यास पाचही परीक्षांची नोंद त्याच्या हाती द्यावी. 'मॉनिटर बंद पडतो' या वाक्यावर त्यास तासभर शोध घ्यावा लागेल. 'काळ्या व पांढऱ्या दोन्ही चित्रांवर विझतो, दिवा निळाच राहतो, विजेरीच्या उजेडात अक्षरे पुसट दिसतात' या वाक्यावर तो योग्य सुटा भाग घेऊनच येईल. नोंदीची एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवावी, म्हणजे दुरुस्तीचा खर्च कशासाठी झाला हे सर्वांस कळेल.

८. विद्यार्थ्यांसमवेत

ही तपासणी शाळा सुटल्यावर एकट्याने करण्यापेक्षा वरच्या इयत्तांतील मुलांना बरोबर घेऊन करावी, अशी माझी शिफारस आहे. बी रुजण्यास पाणी लागते की उजेड, हे शिकविताना आपण दोन वाट्या घेतो आणि दोहोंत एकच गोष्ट वेगळी ठेवतो. 'बी' आणि 'डब्ल्यू' या दोन कळांची परीक्षा तत्त्वतः तीच आहे. एका मुलाने घड्याळ पाहावे, एकाने कडेचा दिवा पाहावा, एकाने नोंद करावी. परीक्षेपूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज लिहावा आणि नंतर तो निकालाशी ताडून पाहावा. अंदाज चुकला तर त्यात कमीपणा नाही. न पाहता निष्कर्ष काढण्यात मात्र आहे, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. विजेच्या जोडणीस हात लावण्याचे काम मात्र शिक्षकांनी स्वतःकडेच ठेवावे.

एतदर्थ सर्व मुख्याध्यापकांनी आपल्या शाळेतील 'नादुरुस्त' शेऱ्याच्या मॉनिटरांची तपासणी वरील पाच परीक्षांनुसार करावी. प्रत्येक मॉनिटरच्या नोंदीत विझण्याचा प्रसंग, विझण्यास लागलेला वेळ, कडेच्या दिव्याची स्थिती व केलेला उपाय असे चार रकाने आखावेत. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावयाचा असल्यास त्यासोबत ही नोंद जोडावी. जे मॉनिटर चालू स्थितीत आढळतील ते पुन्हा वर्गात मांडावेत, आणि जडवस्तुसंग्रह नोंदवहीतील त्यांचा जुना शेरा तारीख घालून दुरुस्त करावा.